गुरुजींची अडखळलेली जीभ

मोरपाणी नावाच्या इवल्याशा गावात, इवल्याशा झोपडीत शेवंती राहायची. बाप नव्हता. आई दिवसभर बांबूच्या टोपल्या विणायची आणि शेवंती शेजारी बसून तिला पातळ पातळ कामट्या वाकवून द्यायची. घरात कधी भाकरी असे, कधी नुसती पेज. बोटं तिची मोठी चपळ, पण अक्षरं काही केल्या ओळखू येत नसत. पुस्तकात पाहिलं, की काळ्या मुंग्यांची रांग दिसे.

शाळेतले गुरुजी फार कडक. एके दिवशी त्यांनी शेवंतीला उभं केलं.

"वाच."

शेवंती नुसती त्या काळ्या रांगेकडे पाहत राहिली.

"पाटी रिकामी आणि डोकंही रिकामं!" गुरुजी म्हणाले. सगळी मुलं खो खो हसली. शेवंतीचे कान लालबुंद झाले. धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं.

"उद्या धडा वाचता आला नाही, तर शाळेत येऊ नकोस," गुरुजींनी बजावलं.

शाळा सुटताच शेवंती रानात पळाली. करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकत होतं. पाहते तर अंगठ्याएवढी परी! तिचे अबोली-जांभळे पंख काट्यांत अडकले होते. शेवंतीने रडू गिळलं आणि एकेक काटा हलकेच सोडवला. बोटातून रक्त आलं, पण पंखाला तिने ओरखडाही उठू दिला नाही.

"किती गं गुणाची तू!" परी किणकिणली. "दोन इच्छा माग. पण नियम ऐक हं. पहिली दुसऱ्या कुणासाठी मागायची, दुसरी तुला हवी तशी. आणि मागितलेलं मी आपणहून माघारी घेऊ शकत नाही."

शेवंतीच्या कानात अजून ते हसू घुमत होतं. ती झटकन म्हणाली, "उद्या गुरुजींची जीभ अडखळू दे. सगळे त्यांनाच हसू देत!"

परीचा उजेड मंदावला. "बरं," ती हळूच म्हणाली. "आणि दुसरी?"

"मला वाचता येऊ दे. पण ती मी उद्या वर्गातच मागेन. सगळ्यांसमोर घडाघडा वाचून दाखवीन!"

"मनातल्या मनात माग. मला ऐकू येईल."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुस्तक उघडलं. "क... कम... कम..." शब्द काही फुटेना. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग हसला. गुरुजींनी पुन्हा वाचून पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले. कुठे पाहावं, ते त्यांना कळेना.

शेवंतीला वाटलं होतं, मजा येईल. कसली मजा! तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर होईना. आपली पाळी येईल, आपल्याला वाचता येणार नाही, शाळा सुटेल, सगळं तिला ठाऊक होतं. तरी तिने डोळे मिटून दुसरी इच्छा मागितली. 'परी, गुरुजींची जीभ मोकळी कर.'

"कमळ!" गुरुजींचा आवाज खणखणला. शेवंती उभी राहिली.

"गुरुजी, हे मीच परीकडे मागितलं होतं. रागानं. चुकलं माझं."

गुरुजी उठले, तिच्याजवळ आले आणि खाली तिच्याच चटईवर बसले.

"काल तुलाही असंच झालं होतं का गं?"

शेवंतीने मान डोलावली.

"चूक तुझ्याआधी माझी झाली, पोरी," गुरुजी म्हणाले. "तुला काय येतं, ते मी कधी विचारलंच नाही. सांग बरं."

"टोपली विणता येते."

"मला नाही येत. शिकवशील?"

शेवंती घरून कामट्या घेऊन आली. गुरुजींची पहिली कामटी काड्‌कन मोडली. दुसरीही मोडली. शेवंती म्हणाली, "घाई नका करू, गुरुजी. हळूहळू वाकवा." तिसरी वाकली, अर्धी गोल झाली. तिच्यावर आडवी काडी ठेवून गुरुजी म्हणाले, "हा बघ, हा झाला ट."

शेवंतीने तो ट बोटाने चाचपला. मुंगी नव्हतीच ती!

रोज एक कामटी, रोज एक अक्षर. काही दिवसांनी गुरुजींनी फळ्यावर एक शब्द लिहिला. शेवंती अडखळली. गुरुजी थांबून राहिले. कुणीही हसलं नाही.

"टो... प... ली. टोपली!"

खिडकीत अबोली-जांभळी चमचम झाली. "ही इच्छा काही मी पुरवली नाही हं!" परी किणकिणली आणि हसत हसत लख्ख उजेडात विरून गेली. साऱ्या वर्गावर, गुरुजींच्या टोपीवरसुद्धा, सोनेरी कण भुरभुरले.

शेवंतीने फळ्याकडे पाहिलं. "गुरुजी, आता दुसरा शब्द लिहा ना!"