तिसरा कॉलम

दूध संघात संगणक विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं आणि अश्लेषा ढमालेचं नाव पुढे आलं. तेव्हापासून खासनिसांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. बावीस वर्षं हजेरी आपण सांभाळायची आणि खुर्ची या कालच्या पोरीने पटकावायची!

निवडीच्या दिवशी त्यांनी अध्यक्षांसमोर संगणकावर अश्लेषाच्या लेटमार्कांचं टेबल उघडलं आणि त्यातली माहिती मागवणारी क्वेरी ऐटीत लिहिली : 'सिलेक्ट तारीख, वेळ'. पडद्यावर चौदा ओळी झळकल्या.

"बघा अध्यक्षसाहेब, चौदा वेळा उशीर! ही काय विभाग सांभाळणार?"

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ढमालेबाई, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काहीच नाही, साहेब. टेबलात कॉलम तीन आहेत, खासनीस सरांनी दोनच मागवलेत. राहिलेला तेवढा मी मागवते."

तिने 'वेळ'पुढे स्वल्पविराम दिला आणि 'कारण' एवढाच शब्द टाकला.

चौदाही ओळींत, त्या-त्या दिवशी खासनिसांनीच भरलेलं एकच कारण उमटलं : 'माझ्या घरी मला क्वेरी शिकवत होती.'

अध्यक्षांनी हसू दाबलं. "खासनीस, क्वेरी झकास लिहिलीत हो. शिकवणारी चांगली दिसते!"