कोठीचे दार

एकदा एका नदीकाठी दोन गावे होती, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. वरच्या गावाने एका कोठीत जहराची मडकी भरून ठेवली होती. वैर पेटले तर ती नदीत ओतायची, की खालचे गाव पाणी पिऊनच संपेल. ओतली एकदाही नाहीत. पण खालच्या गावात बाई घागर भरून आणी, ते पाणी आधी शेळीला पाजी, आणि शेळी दुपारपर्यंत तगली की मग लेकराला. भय असे रोज घोटाघोटाने प्यावे लागे. खालच्यांनीही मग गुपचूप तेलाचे पलिते बांधून आपल्या कोठारात ठेवले. वरच्या गावाची घरे गवताने शाकारलेली होती.

पंचांच्या बैठका बसल्या, मोडल्या, पुन्हा बसल्या. अखेर वरच्या पाटलाने शब्द दिला, "जहर नष्ट करतो." खातरजमा करायला दोन्ही गावांना मान्य असलेला एक वृद्ध ज्ञानी निघाला. सोबत त्याचा शिष्य, खालच्या गावचा. शिष्याची मुलगी गोदी नुकती कुठे चालू लागली होती.

पाटलाने थाटात कोठी उघडली. "बघा! मडकी फोडून चुन्याच्या खड्ड्यात गाडली. आत झाडूनसुद्धा घेतलंय."

वृद्धाने आत पाहिलेच नाही. दाराच्या बिजागरीवर बोट फिरवून तो म्हणाला, "पाटील, हे दार काढून टाका."

शिष्य चक्रावला. इतके चालून यायचे आणि आत डोकवायचेही नाही!

पाटील भडकला. "दार काढू? माझ्या शब्दाला किंमत नाही? उद्या कुणीही सोम्यागोम्या येऊन डोकावेल!"

"तेच हवंय."

"मग घाला तुमचा समेट चुलीत!" पाटलाने धाडकन कडी लावली. शिष्याच्या डोळ्यांपुढे गोदीची पाण्याची वाटी आली.

ओट्यावर पाटलाची आई मिरच्यांची देठे खुडत होती. ती कडाडली, "अरे, तुझ्या पोराला मुलगी द्यायला पाहुणे आले, कणगीत कोपरापर्यंत हात घालून धान्य बघितलं त्यांनी. तेव्हा दात काढत उभा होतास. तेव्हा नाही गेली ती इज्जत? एक लेक देणारा बघून देतो. हे तर अख्ख्या गावाचा जीव तुझ्या पाण्यावर सोडताहेत!"

वृद्ध म्हणाला, "आई बरोबर बोलल्या. पण एक राहिलं. पाहुणे येणार म्हटलं की कणगीत खाली भुसा आणि वर शेजारचे दाणे, हे कुठल्या गावात होत नाही? सांगून येणाऱ्याला दाखवलेलं तेवढंच दिसतं. म्हणून मी आत पाहिलं नाही. आज कोठी रिकामीच असणार. मला उद्याची चिंता आहे. आणि पाटील, कडी लावलेली रिकामी खोली भरलेल्या खोलीइतकीच भीती घालते."

पाटील शिष्यावर उखडला, "आणि ह्यांच्या पलित्यांचं काय? आम्हीच तेवढं उघडं पडायचं?"

वृद्धाने शिष्याकडे पाहिले. शिष्याची मान खाली गेली. आपण सोसणारे, आपल्याला कोण तपासणार, असेच तो आजवर धरून चालला होता.

"आमच्या कोठाराचंही दार निघेल," तो म्हणाला. "गावाला मी पटवीन. तुमची माणसं न सांगता येऊ देत."

पाटलाने स्वतः पहार घेऊन दार उचकटले.

खालच्या कोठाराचेही दार निघाले. सुगी सरल्यावर शिष्य एकदा न कळवता वर गेला. बिनदाराच्या चौकटीतून पाहिले, तर आत मिरच्या पसरलेल्या आणि कोपऱ्यात एक कोंबडी खुडूक बसलेली. मागून म्हातारी ओरडली, "झालं का बघून? आता ताक पिऊन जा मेल्या!"

तो घरी आला तेव्हा बायको घागर घेऊन शेळीकडे निघाली होती. त्याने तिला थांबवले. वाटीभर पाणी घेतले, एक घोट स्वतः प्यायला आणि वाटी गोदीच्या ओठांना लावली. दावणीला शेळी बें बें करत राहिली.

अण्वस्त्रे मोडली म्हणून शपथा वाहणाऱ्या राष्ट्रांनी आधी दार काढावे, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी आपलेही, टाळ्या मागाहून.