भिवराईच्या डोहातलं लोखंड

तराजूला अजून दगडांची वजनं होती, त्या काळातली ही गोष्ट. वडजाई गावात भिवराबाई नावाची एक विधवा मोडीचा धंदा करायची. फुटकी घागर, गंजलेला फाळ, बिजागरी, साखळी, काहीही आणा. भिवराबाई घ्यायची आणि गाढवावर लादून ओताऱ्याच्या भट्टीवर नेऊन विकायची. बोलायला गोड, वजनाला चोख. तिच्या वाड्यात भांडण घेऊन आलेला माणूस ताक पिऊन परत जायचा, असं म्हणतात.

तिचा एक नियम होता. अख्ख्या लोखंडाला कमी भाव, फोडलेल्याला जास्त. भट्टीचं तोंड अरुंद. फोडायची मेहनत गिऱ्हाइकाने केली तर तिचा वेळ वाचे. धंद्याच्या दृष्टीने नियम सरळ होता.

एका दुष्काळात लोकांनी घरातली भांडीसुद्धा मोडीत घातली. त्याच उन्हाळ्यात कुठलीशी फौज माळावर तळ देऊन गेली आणि मागे लोखंडी गोळे टाकून गेली. गावाला वाटलं, देवच पावला. ज्याला जेवढे उचलवले तेवढे त्याने घरी नेले.

भिवराबाईचा धाकटा दीर सटवाजी सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहिला. मोठा थट्टेखोर गडी. काखेत गोळा, तोंडभर हसू.

"वहिनी, आज तुझा तराजू मोडतो बघ!"

"आधी फोडून आणा, भावजी. भट्टीचं तोंड तुमच्याएवढं मोठं नाही."

वाड्यात बसलेले सगळे हसले. सटवाजीही हसला आणि घण मागून घेऊन घराकडे गेला.

ते कुलपी गोळे होते, पोटात दारू ठासलेले. आवाज झाला तेव्हा तीन कोसांवरची गुरं दावी तोडून पळाली, असं म्हणतात. भिवराबाई धावत गेली. घराच्या जागी खड्डा होता. सटवाजीची बायको पाण्याला गेली होती म्हणून वाचली. ती कळशी घेऊन आली, खड्ड्याकडे बघितलं आणि जावेला एवढंच म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, बाई, फोडायला?"



गावात अजून घरोघरी गोळे होते. एवढं होऊनही माणसं ते सोडायला तयार नव्हती. भूक वाईट. कुणी म्हणे, सटवाजीने घण उलटा मारला. कुणी म्हणे, आम्ही हळू फोडू. नुसत्या सांगण्याने कुणी ऐकणार नाही, हे भिवराबाईने ओळखलं. तिने वाड्याचं दार सताड उघडलं आणि दवंडी पिटवली: "अख्खा गोळा आणा आणि आपापली भांडी परत न्या. वर माझ्या कणगीतली ज्वारी."

लोक आले. वाडा रिकामा झाला, कणगी रिकामी झाली. गोळे मात्र सगळे आले. तिने ते ओल्या गोधड्यांत गुंडाळून गाढवावर लादले आणि नदीच्या डोहाकडे निघाली. सोबत यायला निघालेल्यांना तिने दगड मारून परत लावलं. "मागं फिरा रे! हे माझं गिऱ्हाईक आहे."

ऊन असं की गोधड्या वाटेतच वाळल्या. तिचा घाम त्यांवर ठिबकत राहिला आणि त्या पुन्हा ओल्या झाल्या, असं म्हणतात. डोहाशी तिने एकेक गोळा लेकरासारखा कडेवर घेतला आणि छातीएवढ्या पाण्यात जाऊन सोडला. शेवटचा घेऊन उतरली तेव्हा पाणी झाडासारखं उभं राहिलं. वडजाईच्या कौलांवर मासे पडले. दुष्काळातल्या लोकांनी ते उचलले आणि रडत रडत खाल्ले. गाढव एकटं परत आलं.

आज वडजाईत भंगाराची चाळीसेक दुकानं आहेत. लांबून ट्रक येतात. पण माल आधी डोहावर जातो, त्याच्यावर पाणी ओततात, आणि दुकानदार विक्रेत्याला म्हणतो, "मागं फिरा." मग तो एकटाच माल उघडून बघतो. तोवर गावात कुणी घण उचलत नाही.

त्या डोहाला गाव आता भिवराईचा डोह म्हणतं. अलीकडे वैशाखात तो आटतो. तळाशी काळं लोखंड उघडं पडतं. गावाच्या हिशेबाने चांगला भरीव माल. रस्त्यावर पडलेला खिळासुद्धा न सोडणारी ही माणसं काठावरून ते बघतात, पायातल्या चपला काढतात आणि कडेच्या वाटेने निघून जातात.