मुक्या आसवाची टेकडी

एका राज्यात, सुरूच्या झाडांनी वेढलेल्या टेकडीवर, शूलदत्त नावाचा बागवान राहत होता. लेकीचे नाव मृद्विका. घरात दोघेच. द्राक्षमळा सात पिढ्यांचा, तळघरातली लाकडी पिंपेही सात पिढ्यांची. त्यांच्या आसवाचा घोट घेतला की ज्याला-त्याला आपल्या गावची माती आठवे. अशी त्या टेकडीची ख्याती!

घराण्याची रीत एकच. तोडणीला शेवटची ओळ तोडायची नाही, ती पाखरांची.

एके साली राजा वज्रकेतूचा निरोप आला, "राज्याभिषेकाला शंभर पिंपे हवीत." नव्याण्णव भरली. बागवानाने शेवटच्या ओळीकडे पाहिले, नि घातला हात.

साळुंक्यांची राणी मांडवावर येऊन बसली. "बागवाना, आमची न्याहारी राजाला पाजतोस? तुझे आसव मुके होईल."

झाले मुके! रंग राहिला, वास गेला, चव गेली. राजा पहिलाच घोट थुंकला. "वर्षाची मुदत. तोवर आसव बोलले नाही, तर टेकडी माझी. तुम्ही वाटेला लागा."

एक पिंप तेवढे वाचले. मृद्विका जन्मली त्या दिवशी तिच्या लग्नासाठी भरून ठेवलेले. ते लेकीचे, बापाचे नव्हे, म्हणून शाप त्याला शिवला नाही.

मृद्विका साळुंकीकडे गेली. "राणी, उतारा सांग."

"पावसाने पायथ्याला नेलेली माती पाटीपाटीने वर आण."

तिने आणली. पाठ सोलवटली.

"थंडीत वेली छाट. फांदीला कोंबाचे दोनच डोळे ठेव. वेल रडेल, तुझा हात थरथरता कामा नये."

तिने छाटल्या. कापल्या जागेतून पाणी ठिबकले, हात हलला नाही.

मुदतीला एक दिवस उरला. साळुंकी म्हणाली, "आता तुझ्या लग्नाचे पिंप म्हाताऱ्या वेलीच्या मुळाशी ओत."

शूलदत्त दारात आडवा झाला. "वेडी का गं तू! एवढं एकच धड उरलंय. उद्या हेच राजापुढं ठेवू, टेकडी वाचेल."

"वाचेल, आबा. पण पुढच्या साली त्याला काय पाजाल?"

बागवान दारातून बाजूला झाला. मग वाकून त्याने पिंपाची एक बाजू धरली. "उचल तिकडून. ओळ मी तोडली, ओतायलाही मीच हवा."

दोघांनी ओतले. माती थेंबन् थेंब प्यायली.

दुसऱ्या दिवशी राजा तळघरात उतरला, तर पिंपे आपसांत कुजबुजत होती. त्याने पेला भरला, घोट घेतला, नि डोळे मिटले.

"हा माझ्या आजोळच्या मळ्याचा वास," तो हळूच म्हणाला. "बागवाना, टेकडी तुझी. लेकराबाळांची."

पुढच्या तोडणीला शेवटची ओळ उभी राहिली. मृद्विकेचे लग्न तिथेच, त्याच मांडवाखाली लागले. साळुंकी घड टोचत म्हणाली, "यंदा जरा आंबट आहेत." पण एक मणी शिल्लक ठेवला नाही.

नि वर्षाने तळघरात एक नवे पिंप भरले गेले, मृद्विकेच्या तान्हीच्या लग्नासाठी.