देवराईत शिरलेले गाव

एकदा एका गावाने आपली देवराई एका राखणदाराच्या स्वाधीन केली आणि पुढची चाळीस वर्षे तिकडे कुणी डोकावले नाही. शिवेवरच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी चपला काढायच्या, हात जोडायचे आणि माघारी फिरायचे, अशी रीत होती. आत पाऊल टाकण्याचा अधिकार एकट्या राखणदाराला. आपल्याकडे आदराची ही फार सोयीची पद्धत आहे. पाया पडले की लक्ष ठेवण्यातून सुटका होते.

राखणदार थकला. शिष्याला त्याने सगळे शिकवले होते: पाखरांचे आवाज, औषधी मुळ्या, वणवा कसा अडवायचा ते. शिष्याच्या हाती राखणीची काठी द्यायच्या दिवशी सारे गाव दगडापाशी जमले. म्हातारा म्हणाला, "काठी नंतर. आधी सगळे आत चला."

लोक चपापले. "बाबा, देवीचा कोप होईल," पाटील म्हणाले.

"झाला तर माझ्यावर होऊ दे."

शिष्याचा चेहरा उतरला. त्याने हळूच विचारले, "मी आतली काडी तरी बाहेर नेईन, असं वाटतं का तुम्हाला? मग माझ्यावर ही पाळत कशाला?" म्हातारा पुढे चालू लागला.

आत शिरताच सगळ्यांचे बोलणे आपोआप थांबले. चौघांच्या कवेत न मावणारे ऐन आणि बेहड्याचे वृक्ष, त्यांच्या अंगावरून वर गेलेल्या मांडीएवढ्या जाड वेली, आणि मान उंचावली तर आभाळाच्या जागी पानेच पाने. खडकाच्या फटीतून झरा वाहत होता. आपण जन्मभर पितो ते पाणी इथून येते, हे कळल्यावर कित्येकांचे डोळे भरून आले. एवढे थोर रान आपले होते आणि आपण ते कधी पाहिलेच नव्हते, याची त्यांना लाज वाटली.

मागून येणारी एक बाई मात्र मध्येच थबकली. समोर शेवाळलेला रुंद बुंधा होता, वरून सपाट. वादळात मोडलेले झाड असे सपाट मोडत नाही.

"बाबा, हे कुणी तोडलं?"

"मी," म्हातारा म्हणाला.



"राखणीचं बारावं वर्ष होतं. घराचं आढं मोडलं होतं. हे झाड तोडून मी भर दिवसा गावातून नेलं. लोकांनी बाजूला होऊन मला नमस्कार केला. एकानं जरी विचारलं असतं, तरी पुढची दोन झाडं वाचली असती. मग माझी मलाच भीती वाटली, म्हणून थांबलो." तो शिष्याकडे वळला. "तू चांगला आहेस, हे मला ठाऊक आहे. मीही चांगलाच होतो रे. चांगल्या माणसाला रानात एकटं सोडू नये."

शिष्य बराच वेळ त्या बुंध्यापाशी उभा राहिला. गुरूविषयीचा आदर आता ओसरेल असे त्याला वाटले होते. तो उलट वाढला होता. त्याने गुरूच्या हातातली काठी घेतली आणि त्या बाईच्या हाती दिली.

"ताई, ही मला तुम्ही द्या. आणि दर महिन्याला गावातलं कुणीतरी माझ्यासोबत आत फिरा."

बाईने एकदा बुंध्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिले.

"मीच येईन पहिली," ती म्हणाली. "दिसेल ते विचारीन मात्र."

आणि तिने काठी त्याच्या हाती दिली.