शिंप्याची फीत आणि पेंडीचं पोतं

आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ज्याबद्दल नुसतं ऐकलंच होतं, अशा फार फार जुन्या काळी एका टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. टेकडीवर देवी होती आणि देवीपर्यंत दगडी पायऱ्या होत्या. गावाची रीत अशी, की चैत्राच्या जत्रेत नवरदेवानं नवरीला उचलायचं आणि पायथ्यापासून देवळापर्यंत न्यायचं. वाटेत खाली ठेवली, तर लग्न पुढच्या जत्रेपर्यंत लांबायचं. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घालणाऱ्याची बायको अंगानं किरकोळ असावी, एवढं मात्र नक्की.

त्या गावात एक शिंपी होता. हाताचा कसबी, जिभेचा गोड, आणि अंगानं असा की सोसाट्याचा वारा सुटला की बिचारा दार लावून घरात बसायचा. त्याचं मन तेल्याच्या मुलीवर जडलं होतं आणि तिचं त्याच्यावर. ती घाण्यावर वाढलेली पोर. बैल आजारी पडला तर घाणा स्वतः ओढायची. पेंडीचं भरलेलं पोतं एका हिसक्यात पाठीवर घ्यायची. शिंपी काम करताना गाणी गुणगुणायचा, ती ऐकायला ही लांबच्या वाटेनं पाणी आणायची. जोडा विजोड होता खरा, पण त्या दोघांना पसंत होता. मग आपण कोण बोलणार?

मागच्या जत्रेत शिंप्यानं तिला उचललं होतं. पहिल्याच वळणावर त्याचे पाय लटपटायला लागले. मोडक्या दीपमाळेपाशी त्यानं तिला खाली ठेवलं आणि शेजारी स्वतःही बसकण मारली. लोक पोट धरधरून हसले. मुलगी हसली नाही. पदरानं त्याला वारा घालत ती म्हणाली, "रीत उलटी असती ना, तर तुम्हाला केव्हाच वर नेऊन ठेवलं असतं मी."

तेली मात्र खवळला. "शिंपीबुवा," तो म्हणाला, "देवीनं एकदा नाही म्हटलं, मी ऐकून घेतलं. पुढच्या जत्रेत पुन्हा पोरीला खाली ठेवलंत, तर पलीकडच्या गावचा घोडेवाला तयार आहे. त्याचे खांदे पाहिलेत का?"

शिंप्यानं ते पाहिले होते. त्या खांद्यांची बंडी त्यानंच शिवली होती.

दिवाळी सरली तसा शिंपी तालमीत जाऊ लागला. तिथले वस्ताद म्हातारे, मिशा पांढऱ्या, पण मान अजून ताठ. त्यांनी त्याला जोर-बैठका लावून दिल्या आणि उचलायला वाळूचं एक लहानसं पोतं दिलं. दुसऱ्याच दिवशी शिंपी कण्हत कण्हत, पण हसऱ्या तोंडानं हजर झाला.

"वस्ताद, सगळं अंग ठणकतंय! ताकद येतेय ना?"

"लेका, ओट्यावरून पडलास तरी ठणकेल. ठणक्यानं ताकद आली असती तर गावातले सगळे दारुडे पहिलवान झाले असते."

"पण घाम बघा की किती आलाय!"

"मिरचीचा ठेचा खाल्ल्यावरही येतो."

"मग अंगात ताकद आली हे कळायचं तरी कसं?"

"आधी करत तर राहा. पेरलेलं बी रोज उकरून बघणाऱ्याच्या शेतात काय उगवतं?"

हे उत्तर शिंप्याला पटलं नाही. ज्याचा त्याचा विश्वास ज्याच्या त्याच्या धंद्यावर. सोनार सगळं कसोटीवर घासून बघतो, वाणी तराजूत घालून बघतो. शिंप्यानं कोऱ्या जाड कापडाची एक पट्टी कापली, तिच्यावर बोटाबोटाच्या अंतरानं शाईच्या खुणा केल्या आणि नवी फीत तयार केली. ती दंडाला गुंडाळून तो जोर मारायचा, आणि दंड वाढताना दिसतोय का म्हणून मधूनमधून बघायचा. जोर झाले की घामानं चिंब झालेली फीत गरम पाण्यात धुवायचा आणि उन्हात वाळवायचा.

आता गंमत बघा. हाच शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा, "कोरं कापड आधी भिजवून आणा हो, पाण्यात आटतं." पण दुसऱ्याला वाटायची अक्कल स्वतः वापरायची नसते अशी पुष्कळ शहाण्यांची समजूत असते, तशी त्याचीही होती.

फीत आटली. दंड होता तेवढाच राहिला आणि फितीवर तो अर्ध्या बोटानं वाढला. शिंपी आनंदानं वेडा झाला. आणखी काही दिवसांनी बोटभर, मग दीड बोट. दंड असा आपला आपण वाढतोय म्हटल्यावर त्यानं बैठका कमी केल्या. थंडी होती, पांघरूण ऊबदार होतं, जोरही अर्ध्यावर आले. पोतं वाळूचंच, तेवढंच, लहानसंच. "वजन वाढव," असं वस्ताद म्हणाले, की तो दंड पुढे करायचा आणि म्हणायचा, "फीत काय सांगतेय ते बघा." वस्ताद कपाळाला हात लावायचे.

ही भाग्याची फीत शिंप्यानं गळ्यात मिरवायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकांची मापंही तिनंच घ्यायला लागला. कापड मात्र तो बेतायचा बापाच्या जुन्या लाकडी गजानं. आटलेल्या फितीनं माप जास्त भरायचं आणि गज बिचारा खरं तेवढंच कापायचा. त्यामुळे शिवलेला प्रत्येक कपडा ढगळ होऊ लागला.

पहिली नवी बंडी पाटलांनी घातली. ती अंगावर झोळीसारखी लोंबली. पाटलांचा चेहरा उतरला. ते बायकोला म्हणाले,

"अगं, मी वाळलो की गं!"

"मला तर तुम्ही होतात तसेच दिसता."

"तुझे डोळे खोटं बोलतील. बंडी कशी खोटं बोलेल?"

पाटील वैद्यबुवांकडे धावले. वैद्यबुवा नाडी बघून हसणारच होते, इतक्यात त्यांचं लक्ष स्वतःच्या नव्या अंगरख्याकडे गेलं. तोही ढगळ होता! वैद्यबुवांना दरदरून घाम फुटला. संध्याकाळपर्यंत गावात दवंडी पिटली, की अंग वाळवणारी साथ आली आहे, सर्वांनी सकाळ-दुपार-संध्याकाळ डिंकाचे लाडू खावेत आणि वर साजूक तूप प्यावं.

औषध असं असलं की पथ्य पाळणाऱ्यांची कमी नसते. गाव लाडवांवर तुटून पडलं. तेल्याच्या घरी तर परातीच्या पराती वळल्या गेल्या, कारण तेल्याची नवी बंडीही ढगळ निघाली होती आणि तो मरणाला फार भ्यायचा. होता होता महिन्याभरात सगळ्यांचे नवे कपडे अंगाला बरोबर बसायला लागले. साथ हटली! गावानं वैद्यबुवांना शाल दिली. शाल शिवावी लागत नाही, म्हणून ती तेवढी मापात होती.

पण एका सकाळी तेल्यानं जुनी बंडी काढली, आणि तिचे बंद काही केल्या जुळेनात. नवी बंडी बरोबर, जुनी घट्ट. तेली पुन्हा घाबरला. मुलीनं मात्र दोन्ही बंड्या चुलीपुढे अंथरल्या आणि विचार केला. माणूस एकाच वेळी वाळतो कसा आणि फुगतो कसा? ती उठली आणि दोन्ही बंड्या घेऊन तडक शिंप्याच्या दुकानात गेली.

शिंप्यानं तिला पाहताच बाही वर सारली. "बघ! दोन बोटं वाढलाय दंड!"

"फीत द्या," ती म्हणाली.

तिनं फीत लाकडी गजाला लावली. फितीवरच्या खुणा गजावरच्या खुणांशी जुळेनात. एक पुढे, एक मागे, आणि शेवटाला गेल्यावर तर फीत चांगली वीतभर आखूड. शिंप्याची बाही हळूहळू खाली आली.

"आटली," तो म्हणाला.

"कोरं कापड आधी भिजवून आणा हो," ती म्हणाली.

तिनं त्याला घाण्याच्या अंगणात नेलं आणि पेंडीचं पोतं दाखवलं. "हे उचला आणि टेकडीच्या वाटेला लागा." शिंप्यानं उचललं. बैलाच्या गव्हाणीपर्यंत गेला, पोतं टाकलं आणि मटकन खाली बसला. मागच्या वर्षीही त्यानं एकदा असंच पोतं उचलून पाहिलं होतं आणि तेव्हाही तो गव्हाणीपर्यंतच पोचला होता. हे आठवलं आणि त्याला रडू कोसळलं. अर्धा हिवाळा गेला होता, हाती काही नव्हतं, आणि डोळ्यांपुढे घोडेवाल्याचे खांदे येत होते.

ती शेजारी उभी राहिली. तिचेही डोळे भरले होते, पण तिनं ते दाखवले नाहीत. "रडून झालं की उचला," ती म्हणाली. "फितीला काय विचारता? पोत्याला विचारा."

जिथं त्यानं पोतं टाकलं तिथं तिनं चुना लावलेला एक दगड ठेवला. त्या दिवसापासून शिंपी तालमीतून थेट घाण्यावर यायचा. पोतं उचलायचा, जाववेल तिथवर जायचा, आणि दगड तिथं सरकायचा. कधी दगड हातभर पुढे जायचा. कधी जागचा हलायचा नाही. एकदा तर चांगला मागे आला, तेव्हा शिंपी दिवसभर जेवला नाही.

"एका दिवसाचं तोंड काय बघता?" ती म्हणाली. "महिन्याचं बघा. आणि जेवा आधी. उपाशी घाण्यातून तेल गळतं का?"

दगड विहिरीपर्यंत पोचला, की ती पोत्यात सुपानं आणखी पेंड घालायची. मग दगड पुन्हा मागे यायचा आणि पुन्हा पुढे सरकायला लागायचा. वस्तादही आता खुशीत होते. मधला एखादा दिवस ते त्याला दारातूनच परत पाठवायचे आणि म्हणायचे, "आज झोप काढ. अंग भरतं ते झोपेत." पूर्वी पोतं टाकल्यावर शिंपी बराच वेळ नुसता धापा टाकायचा. आता पोतं टाकल्याटाकल्या पेंडीच्या वजनावरून तिच्याशी भांडू शकायचा.

फाल्गुन लागला तसा त्याचा सदरा खांद्यांत घट्ट व्हायला लागला आणि कमरेत सैल.

"कापड आटलं असेल," शिंपी म्हणाला. दुधानं तोंड पोळलेला तो, आता ताकही फुंकून पीत होता.

जत्रा आली. सगळं गाव पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना गोळा झालं. तेली हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या शेजारी, जरा जास्तच जवळ, घोडेवाला उभा होता. शिंप्यानं देवीचं नाव घेतलं आणि नवरीला उचललं. ती मागच्या वर्षीपेक्षा जड लागत होती.

पहिलं वळण गेलं. पाय लटपटले नाहीत. दुसरं वळण गेलं. मोडकी दीपमाळ आली, आणि मागच्या वर्षीची सगळी लाज त्याला एकदम आठवली. तो थांबला. थांबायला बंदी नव्हती, ठेवायला होती. घोडेवाल्यानं पागोटं सारखं केलं.

"तू जड झालीस की काय गं?" शिंप्यानं हळूच विचारलं.

"झालेच आहे. तुमच्या त्या फितीपायी बाबांनी मलाही लाडू चारले की."

"मग आता?"

"आता काय? मी केवढी जड झाले ते मला ठाऊक नाही होय? पोत्यात पेंड कोण घालत होतं? गेल्या आठवड्यात माझ्याहून दोन सुपं जास्त घेऊन तुम्ही पायथा गाठलात. उगाच का भांडत होतात माझ्याशी?"

शिंप्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तो हसला, आणि हसत हसतच पायऱ्या चढायला लागला. दीपमाळ मागे पडली, पिंपळ मागे पडला, घंटेचा आवाज जवळ आला. शेवटच्या पायरीवर त्यानं जोर लावला, तशी त्याच्या पाठीत "फर्र" झालं. लग्नाचा अंगरखा दोन्ही खांद्यांमधून उसवला होता. तो त्यानं स्वतः शिवला होता, गेल्या वर्षीच्या मापानं, आणि या वेळी कापड आधी भिजवून.

नवरीला देवीपुढे उतरवून तो पहिलं वाक्य बोलला ते हे, "आता हे काही कापड आटल्यानं नाही."

लोक पोट धरधरून हसले, आणि या वेळी नवरी सगळ्यांत मोठ्यानं हसली. तेल्यानं डोळे पुसत जावयाला मिठी मारली. दोघांच्या मध्ये पोट येत होतं, म्हणून ती जरा लांबूनच मारली. घोडेवाला प्रसाद घेऊन आपल्या गावी गेला.

पुढे शिंप्यानं सगळ्या गावाचे ढगळ कपडे फुकट दुरुस्त करून दिले. म्हणजे द्यायला निघाला, पण लाडवांनंतर ते कुणालाच ढगळ होत नव्हते. आणि ती आटलेली फीत? तेल्याच्या घाण्यावर पेंडीच्या पोत्याचं तोंड बांधायला तिचा पुष्कळ वर्षं उपयोग झाला.

तात्पर्य : अंगात बळ आलं की नाही हे फितीला, घामाला किंवा दुखण्याला विचारू नये, काल न पेललेलं ओझं आज पेलतं का, तेवढं पाहावं.