माणसाचा धनी कोण?

एका गावात जरा खुट्ट झालं तरी दचकणारी एक मुलगी राहायची. एका सकाळी पाण्याला जाताना तिला एक बारीकशी गोष्ट खटकली. कोंडवाड्याच्या दाराला कुलूप होतं.

त्या गावात कोंडवाड्याला कुलूप कधीच नसे. कुणाचं जनावर पिकात शिरलं की आत घालायचं आणि लाकडी अडसर लावायचा. मग त्याचा धनी यायचा, 'पुन्हा मोकाट सुटणार नाही' असं चावडीवर सांगायचा आणि जनावर घेऊन जायचा. धनी आल्याशिवाय मात्र सोडायचं नाही, असा नियम.

सध्या आत जनावर नव्हतं, गावचा विणकर होता. त्याला दुसऱ्या कुणालाही ऐकू न येणारे आवाज ऐकू यायचे. 'गंजीत नाग आहेत, गावाला डसतील,' असं आवाजांनी सांगितलं, म्हणून त्यानं गाव वाचवायला एका म्हातारीची कडब्याची गंजी पेटवली. वारा पडलेला होता, म्हणून घरं राहिली. महिन्यापूर्वी त्याला कोंडलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मुलीला तर जरा जास्तच.

पण कुलूप?

ती पाटलांकडे गेली. "पाटीलकाका, कुलूप कशाला?"

"त्याला सोडवायला येणार कोण? ना बाप, ना भाऊ. धनी नाही तर सुटका नाही. नियम काय मी केलाय?" पाटील सुपारी कातरत म्हणाले. "आणि तू गं? मांजर आडवं गेलं तरी किंचाळतेस, आणि त्याची वकिली करतेस होय?"

ती ओशाळली. तरी म्हणाली, "काका, जनावराला धनी असतो. माणसाला कुठला?"

अडकित्ता थांबला. "बरं, सोडला आज. उद्या त्यानं परत काडी ओढली तर? तुझ्याच घराशेजारी?"

हेच विचारायला ती गावच्या वैद्यबाईंकडे गेली.

"महिनाभर गजांतून काढा पाजतेय मी त्याला," वैद्यबाई म्हणाल्या. "आता झोप लागते, आवाज मंदावलेत. गेलेत असं नाही म्हणणार मी. एकटा असला की वाढतात. आणि तिथं तो एकटाच असतो, पोरी."

मग ती कोंडवाड्याच्या खिडकीशी गेली. "दादा, बाहेर आलात तर काय कराल?"

"माग लावीन," विणकर म्हणाला. "पण मला विस्तव देऊ नका गं. मलाच माझी भीती वाटते."

संध्याकाळी गाव जमल्यावर ती चावडीवर उभी राहिली.

"त्याला धनी नको, सोबती हवेत," ती म्हणाली. "त्याच्या घरात चूल पेटणार नाही, जेवण आपण देऊ. काढा चुकला किंवा आवाज वाढले, तर वैद्यबाईंकडे न्यायचं, कोंडवाड्यात नाही. आणि दर पौर्णिमेला त्याला समोर बसवून इथंच विचारायचं, की अजून एवढी राखण लागते का? पाळीपाळीनं कुणीतरी त्याच्यासोबत राहायचं. दुपार माझी."

"रात्री माझ्या ओसरीवर झोपेल," वैद्यबाई म्हणाल्या.

पाटील खाकरले. "संध्याकाळी बसू दे माझ्या शेजारी. सुपारी तरी कातरेल... नको, अडकित्ता नको. नुसता बसू दे."

लोक हसले.

"मग सकाळ राहिली. चारही वेळा भरल्याशिवाय मी सोडणार नाही हं," पाटलांनी बजावलं.

"सकाळ कोण घेणार?" मुलीनं विचारलं.

"सकाळी आम्हाला म्हशी असतात बाई!" कुणीतरी म्हणालं.

"सकाळ कोण घेणार?"

एकजण उठून चपला शोधू लागला. एक बाई हळूच म्हणाली, "माझ्या घरात लहान लेकरं आहेत गं." ते खोटं नव्हतं.

तिसऱ्यांदा विचारताना मुलीचा आवाज चिरकला. "सकाळ... कोण घेणार?"

मागच्या खांबाशी काठी वाजली. जिची गंजी जळाली होती, ती म्हातारी उठत होती.

"किती ओरडशील गं? सकाळ माझी. माझ्या अंगणात माग लाव म्हणावं त्याला. आणि काड्या माझ्या कनवटीला राहतील."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: भीती खरी असते, म्हणून राखण हवी, माणूसही तितकाच खरा असतो, म्हणून राखणीला मुदत हवी.